कल्याणच्या खाडीतला पहारा

विठ्ठलवाडीतून वाहणारी वालधुनी कल्याणला उल्हासच्या खाडीत मिळते. आज तिच्या काठाने जाताना नाकाला रुमाल लावावा लागतो, त्यामुळे या खाडीत कधीकाळी ग्रीक जहाजांवरून तंटा झाला असेल हे कुणाला खरं वाटत नाही.

पण तो झाला होता. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका अनाम ग्रीकभाषक व्यापाऱ्याने समुद्रमार्गाची माहिती लिहून ठेवली, ती ‘पेरिप्लस’ म्हणून ओळखली जाते. तिच्यात सोपाऱ्यापाठोपाठ कल्याण येतं. थोरल्या सारगनाच्या काळी, म्हणजे बहुधा सातवाहनांच्या अमलात, ते रीतसर व्यापाराचं बंदर होतं. पुढे ते सांदनेस नावाच्या सत्ताधीशाच्या हाती गेलं आणि व्यापार अडला. एखादं ग्रीक जहाज तिथे लागलंच, तर पहारा बसवून त्याला भडोचला नेलं जाई. भडोचवर क्षत्रपांची सत्ता होती. माल तिथे उतरला की जकातही तिथेच, आणि घाटावर जुन्नर-पैठणकडे जाणारा व्यापार कोरडा. पहारा ज्याचा, नियम त्याचा.

दीड हजार वर्षांनी पोर्तुगीजांनी हाच खेळ कागदावर आणला. अरबी समुद्रात फिरायचं तर त्यांचा ‘कार्ताझ’ हा परवाना हवा, नाहीतर जहाज जप्त. उल्हासचं मुख वसईपाशी, आणि वसई त्यांच्याकडे. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेऊन खाडीत जहाजं बांधायला काढली, तेव्हा वसईकरांच्या पोटात गोळा आला तो यामुळेच. कामावरच्या पोर्तुगीज कारागिरांना फितवून पळवलं गेलं. आरमार काही त्यामुळे थांबलं नाही. पुढे कान्होजी आंग्रे स्वतःच दस्तकं, म्हणजे परवाने, देऊ लागले. इंग्रजांनी ती मानली नाहीत. उलट आंग्र्यांनाच चाचे ठरवलं. परवाना तोच, फक्त देणारा बदलला होता.

इंग्रजी अमलातही खेळ तोच राहिला. ५ एप्रिल १९१९ रोजी वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट मुंबईहून लंडनला निघाली. ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून तिला घेरलं. पुढे १९४८ मध्ये जिनिव्हात जहाजवाहतुकीबाबत एक करार झाला. त्यातून उभी राहिलेली संघटना आज आंतरराष्ट्रीय सागरी संघटना म्हणून लंडनमधून जगभरच्या जहाजांचे नियम ठरवते. भारत १९५९ मध्ये तिचा सदस्य झाला.

तिथे भारताचं नाव मोठं केलं ते चंद्रिकाप्रसाद श्रीवास्तव यांनी. मुंबईत शिपिंग कॉर्पोरेशन उभारलेले हे सनदी अधिकारी १९७४ ते १९८९ संघटनेचे महासचिव होते. मराठी घरांत त्यांची ओळख बहुधा सहजयोगाच्या निर्मलादेवींचे यजमान म्हणूनच. त्यांच्या कारकिर्दीत, १९७८ मध्ये, खलाशांच्या प्रशिक्षणाचे जागतिक निकष ठरले; १९८३ मध्ये स्वीडनमधल्या माल्मो इथे जागतिक सागरी विद्यापीठ सुरू झालं. मात्र महासचिव कुठल्याही देशाचा असला, तरी मत सदस्य देशांचं असतं.

म्हणून खरी चुरस कार्यकारी परिषदेच्या जागांसाठी. ‘अ’ गटात जहाजवाहतूक पुरवणारे देश, ‘ब’ गटात समुद्रमार्गे मोठा व्यापार करणारे. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारत पुन्हा निवडून आला, आपल्या गटात सर्वाधिक मतं घेऊन. गट ‘ब’. जगातल्या जहाजांच्या एकूण वहनक्षमतेत भारतीय ध्वजाचा वाटा अगदी थोडा, आणि देशाचा बहुतेक परदेशी माल अजूनही दुसऱ्यांच्या जहाजांतून जातो.