लीन

चिंचपोकळीच्या आमच्या चाळीत एक ख्रिस्ती मावशी रोज संध्याकाळी मोठ्याने प्रार्थना करतात. तिच्यात एक शब्द हमखास येतो: ‘लीन’. मी तो वर्षानुवर्षं ‘दुबळा’ अशाच अर्थाने ऐकत आलो. ते चुकलंच.

संस्कृत ‘ली’ या धातूचा अर्थ चिकटणं, बिलगणं, विसावणं, विरून जाणं. लय, विलीन, तल्लीन हे सगळे त्याचेच. पक्षी जिथे विसावतो ते ‘आलय’सुद्धा! म्हणजे लीन माणूस पडलेला नसतो, तो कुणाला तरी बिलगलेला असतो. हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, 11व्या अध्यायात, येशू स्वतःला सौम्य आणि लीन म्हणवतो. मूळ ग्रीक शब्द आहे ‘टापेनोस’, म्हणजे सखल, खालच्या पातळीवरचा. ग्रीकांच्या तोंडी तो बहुधा हिणवण्याचा शब्द होता. ख्रिस्ती लोकांनी त्याचा सद्गुण केला. लॅटिन ‘हुमिलिस’चं नातं तर थेट ‘हुमुस’शी, मातीशी. मराठी भाषांतरकारांनी मात्र माती न घेता बिलगणं घेतलं. मला ही निवड अधिक मायेची वाटते.

एरवी आज ‘लीन’ एकटा क्वचितच भेटतो. गाण्यात आपण ‘तल्लीन’ होतो, संस्था ‘विलीन’ होतात, फलकांवर ‘नतमस्तक’ असतं. मावशींकडे मात्र तो रोजच्या वापरात आहे. परवा नळावर भांडण पेटलं, तेव्हा त्या स्वतःची भरायला लावलेली कळशी बाजूला घेत सुनेला म्हणाल्या, “जरा लीन हो गं, त्यांना आधी भरू दे.”