पुरासागरविज्ञान
सागरतळावर साचलेल्या गाळाच्या रासायनिक संघटनावरून पूर्वीच्या समुद्राचे तापमान, लवणता, ऑक्सिजनाचे प्रमाण इ. ठरविण्याचे शास्त्र. गाळातील सर्वांत बोलका पुरावा म्हणजे फोरॅमिनीफेरा या एकपेशीय जीवांची कॅल्शियम कार्बोनेटाची कवचे. कवच घडताना पाण्यातील ऑक्सिजन-१६ व ऑक्सिजन-१८ ही समस्थानिके त्यात येतात. पाणी जितके थंड, तितके कवचातील ऑक्सिजन-१८ चे प्रमाण अधिक. हॅरल्ड यूरी यांनी १९४७ मध्ये हे तत्त्व मांडले आणि चेझारे एमिल्यानी यांनी १९५५ मध्ये त्यावरून हिमयुगांतील सागरी तापमानाचा आलेख काढला.

त्यात मोठी अडचण होती. ऑक्सिजन-१६ असलेल्या हलक्या पाण्याची वाफ अधिक सहज होते व ते हिमस्तरांत अडकते. त्यामुळे जमिनीवरचे हिम वाढले की समुद्रात ऑक्सिजन-१८ चे प्रमाण वाढते. आलेखातील बहुतेक चढउतार तापमानाचे नसून या हिमसाठ्याचे आहेत, हे निकोलस शॅकल्टन यांनी १९६७ मध्ये दाखविले. या शास्त्रातील हा निर्णायक टप्पा होय. तापमान वेगळे काढण्यासाठी आता कवचातील मॅग्नेशियम व कॅल्शियम यांचे गुणोत्तर मोजतात.

पूर्वीचे ऑक्सिजनाचे प्रमाणही गाळावरून ठरवितात; उदा., अरबी समुद्राच्या गाळातील नायट्रोजन समस्थानिकांवरून पाण्याच्या मधल्या थरांतील ऑक्सिजनाची टंचाई कळते. ती उष्ण काळात तीव्र व हिमकाळात सौम्य झालेली दिसते.