७१ सरडे आणि एक बेट

१/
हरितगृहात चार-दोन लहान सरडे सोडले की माश्या, झुरळे, अळ्या यांचा बंदोबस्त परस्पर होतो, अशी कल्पना बागकामाची आवड असणाऱ्यांत वारंवार ऐकू येते. ती अगदीच निराधार नाही. युरोपातील काही वनस्पतिउद्यानांच्या काचघरांत असे प्राणी याच हेतूने पाळले जातात. पण याच कल्पनेचा एक प्रयोग काचेच्या भिंतींआड न होता भर समुद्रातील एका बेटसमूहावर झाला. आजचा धागा त्या प्रयोगाविषयी.

२/
स्थळ : बर्म्युडा. उत्तर अटलांटिक महासागरात, अमेरिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे हजार किलोमीटर दूर. क्षेत्रफळ ५० चौरस किलोमीटरांहून किंचित अधिक. येथे वटवाघळांखेरीज जमिनीवरचा एकही मूळचा सस्तन प्राणी नव्हता, आणि जमिनीवरचा मूळचा सरपटणारा प्राणी म्हणजे एकच सापसुरळी. वनश्रीही जवळजवळ एकाच वृक्षाची, बर्म्युडा सीडरची. (नाव सीडर असले तरी वनस्पतिशास्त्रानुसार हा जुनिपर आहे.) १६०९ साली ‘सी व्हेंचर’ हे इंग्रजी जहाज येथील खडकांवर फुटले, तेव्हा वाचलेल्या माणसांनी याच लाकडाचा आधार घेऊन दोन लहान जहाजे बांधली आणि पुढच्या वर्षी व्हर्जिनिया गाठले. १६१२ साली वसाहत स्थापन झाल्यावर पेट्या, जहाजे हे सारे सीडरचेच होऊ लागले. बेटाची अर्थव्यवस्था या एका झाडावर उभी राहिली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

३/
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूमध्यसागरी फळमाशी बर्म्युडात पोहोचली आणि तिने पीचच्या बागांची धूळधाण केली. तिच्या बंदोबस्तासाठी १९०५ साली जमैकाहून ७१ सरडे आणून सोडण्यात आले. हे ‘अ‍ॅनोलिस’ कुळातील, वीतभर लांबीचे, झाडावर राहणारे, दिवसा शिकार करणारे सरडे.

४/
हा निर्णय त्या काळात विक्षिप्त वाटण्यासारखा नव्हता. १७६२ साली भारतातून मॉरिशसला नेलेली आपली साळुंकी तेथील टोळांविरुद्ध उपयोगी ठरली होती. १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियाहून नेलेल्या एका ढालकिड्याने कॅलिफोर्नियातील संत्र्या-लिंबांच्या बागा खवले किडीपासून वाचवल्या, आणि शेतीखात्यांमध्ये ‘किडीचा शत्रू शोधा, आणा, सोडा’ या सूत्रावर मोठी श्रद्धा बसली.

५/
पण दुसरे उदाहरणही डोळ्यांसमोर होते, आणि मला अधिक खटकते ते हेच. १८७२ साली उसाच्या मळ्यांतील उंदीर मारण्यासाठी कलकत्त्याहून नऊ मुंगूस जमैकात नेण्यात आले होते. त्यांनी उंदीर मारले. त्याचबरोबर जमिनीवर घरटी करणारे पक्षी, साप आणि सरडेही फस्त केले. शतक संपण्यापूर्वीच मळेवाल्यांची कौतुकाची भाषा तक्रारीत बदलली होती. बर्म्युडाने सरडे आणले ते नेमके याच जमैकाहून. धडा आणि प्राणी एकाच बंदरात उपलब्ध होते. बोटीत चढवला गेला तो फक्त प्राणी.

६/
आता फळमाशीचा जीवनक्रम पाहा. मादी फळाच्या सालीखाली अंडी घालते, अळी गराच्या आत वाढते आणि कोषावस्थेसाठी मातीत शिरते. अ‍ॅनोलिस सरडा फांदीवर दबा धरून बसतो आणि जे हलते त्यावर झेप घेतो. म्हणजे माशीच्या आयुष्यातील सर्वांत विध्वंसक टप्पा शिकाऱ्याच्या नजरेआडच जातो. शिवाय सरड्याला पीक आणि कीड, शत्रू आणि मित्र ही आपली वर्गवारी ठाऊक नसते. तोंडात मावेल आणि हलेल ते त्याचे अन्न.

७/
सरडे मात्र झपाट्याने रुळले. १९४० च्या सुमारास ते साऱ्या बेटसमूहावर पसरलेले होते. पुढे कॅरिबियनमधील आणखी दोन अ‍ॅनोलिस प्रजातींनीही येथे बस्तान बसवले.

८/
त्यानंतर खरे संकट आले. १९४० च्या दशकात बाहेरून मागवलेल्या शोभेच्या रोपांबरोबर दोन प्रकारच्या खवले किडी बर्म्युडात शिरल्या आणि त्यांनी सीडर गाठले. झाडाला चिकटून रस शोषणाऱ्या या सूक्ष्म किडींविरुद्ध त्या वृक्षाकडे काहीच प्रतिकार नव्हता. दशकभरात सुमारे ९५ टक्के सीडर वाळले. बेटाच्या टेकड्यांवर पांढरट, निष्पर्ण खोडे उभी राहिली. ज्या झाडाने वसाहत वसवली, ते एका पिढीच्या डोळ्यांदेखत संपले.

९/
उपाय म्हणून तोच कॅलिफोर्नियाचा मंत्र. वेगवेगळ्या प्रजातींचे ढालकिडे मागवून सोडण्यात आले. आणि त्यांची गाठ पडली ती फांदीफांदीवर बसलेल्या सरड्यांशी. ढालकिडा चालतो, उडतो, ठळक दिसतो. खवले कीड जागची हलत नाही. सरड्याने कोणाला खाल्ले असेल, हे वेगळे सांगायला नको. एका किडीसाठी आणलेला रक्षक दुसऱ्या किडीचा अंगरक्षक बनला. एफ. जे. सिमंड्स या कीटकशास्त्रज्ञाने १९५८ साली नेमक्या याच विषयावर, म्हणजे सरड्यांमुळे खवले किडीच्या जैविक नियंत्रणात येणाऱ्या अडथळ्यावर, शोधलेख लिहिला.

१०/
येथे थोडे थांबायला हवे. लोकप्रिय कथनात ‘सरड्यांनी सीडर मारले’ असे सरळ सांगितले जाते. मला ते पटत नाही. सीडर मारले ते खवले किडीने, आणि इतक्या वेगाने की ढालकिड्यांना पुरेशी वीण वाढवायला उसंत तरी मिळाली असती का, हा प्रश्नच आहे. सरड्यांनी उरलीसुरली संधी हिरावली, इतकेच म्हणणे पुराव्याला धरून होईल. इतिहासात एकच खलनायक सापडला की कथा देखणी होते. पण रोपांच्या आयातीवरील ढिलाईचा दोष मग सोयीस्करपणे सरड्याच्या माथी जातो.

११/
कथेचा पुढचा अंक १९५७ चा. सरडे आवरण्यासाठी त्रिनिदादहून सुमारे २०० किस्काडी पक्षी आणून सोडण्यात आले. तारीख लक्षात घ्या : बहुतेक सीडर तोवर वाळून गेले होते. किस्काडीने सरडे खाल्लेही असतील, पण त्याला फळे, कीटक, इतर पक्ष्यांची अंडी-पिल्ले हे सारेच चालते. आज तो बर्म्युडातील सर्वांत गजबजाट करणाऱ्या पक्ष्यांपैकी एक आहे, आणि सरडे होते तेथेच आहेत. फक्त याच बेटांवर आढळणारा, सीडरच्या आधाराने जगणारा एक सिकाडा मात्र कायमचा गप्प झाला.

१२/
मग काचघरातले सरडे चालतात, ते कसे? तेथे दार लावता येते. किती प्राणी आहेत ते मोजता येते, नकोसे झाले तर पकडून बाहेर काढता येतात, आणि कोणते मित्रकीटक त्यांच्यासोबत सोडायचे नाहीत हे माळी ठरवू शकतो. जो माळी पिठ्या ढेकणासाठी ढालकिडे सोडतो आणि त्याच बाकावर सरडाही ठेवतो, तो मात्र बर्म्युडाचीच लघुआवृत्ती काढत असतो.

१३/
किडीतून तगलेल्या थोड्या सीडरांच्या बियांपासून बेटावर पुन्हा लागवड झाली आहे. मूळची सापसुरळी अतिसंकटग्रस्त असून, नॉनसचसारख्या लहान बेटांवर तिची काळजी घेतली जाते. जमैकाच्या त्या ७१ सरड्यांचे वंशज मात्र आज बर्म्युडाच्या जवळपास प्रत्येक बागेत, कुंपणाच्या भिंतीवर ऊन खात बसलेले दिसतात.