हुकूम कोणाचा?

वक्त्याने काठी जमिनीवर एकदा आपटली की पुढची स्लाइड, दोनदा आपटली की मागची. साताऱ्यातल्या एका महाविद्यालयात मी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत सहायक होतो. पाहुण्यांच्या व्याख्यानांना स्लाइड प्रोजेक्टर चालवण्याचे काम माझ्याकडेच असे. काही वक्त्यांना काठीचा आवाज आवडत नसे, ते नुसते माझ्याकडे बघत. किल्ल्यांवर बोलणारे एक प्राध्यापक वाक्य संपवताना आवाज खाली आणत, तेवढ्यावरून मला कळे. ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले. त्यात काचेवर हाताने रंगवलेली चित्रे दिव्यासमोर सरकत आणि सोबत निवेदन चाले. सांगणाऱ्याचा शब्द आणि काच सरकवणाऱ्याचा हात यांचा मेळ बसला, तरच गोष्ट रंगे.

आता तो हात लागत नाही. माझी भाची जावळी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडून ती वर्गाच्या मागच्या भिंतीपाशी उभी राहते आणि हातातल्या फोनवर बोट फिरवून पडद्यावरचे चित्र बदलते. मागच्या रांगेतली मुले त्यामुळे जागची हलत नाहीत, हा तिचा अनुभव. शाळेत वाय-फाय नाही, म्हणून ती फोनचाच हॉटस्पॉट लावते आणि लॅपटॉप त्याला जोडते. मध्यंतरी तिने मला विचारले, “मामा, माझ्या फोनचं ऐकतो तसा हा लॅपटॉप दुसऱ्या कुणाच्या फोनचं ऐकायला लागला तर?”

तिचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. दुरून यंत्र चालवण्याचा इतिहास लोक सोयीचा इतिहास म्हणून सांगतात. मला तो ओळखीचा इतिहास वाटतो. यंत्रापर्यंत हुकूम पोहोचवणे माणसाला लवकर जमले. तो हुकूम कोणाचा आहे हे यंत्राला कळावे, यासाठी मात्र शंभर वर्षे खटपट चालली.

निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पाण्याच्या हौदात एक लहान नाव सोडली आणि ती रेडिओलहरींनी वळवून दाखवली. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याला पेटंट मिळाले. पण टेस्ला तेवढ्यावर थांबला नाही. एकाच वारंवारतेवर ऐकणारे यंत्र कोणाही परक्याचा संदेश उचलेल, हे त्याने ओळखले होते. पुढे १९०३ साली त्याला मिळालेल्या पेटंटांत दोन वेगळ्या वारंवारता एकत्र आल्या तरच यंत्र हलावे, अशी रचना आहे. कुलपाला दोन किल्ल्या लागाव्यात तशी. आज आपण ज्याला पासवर्ड म्हणतो, त्याचे बीज मला तिथे दिसते.

घराघरांत रिमोट गेला तो अमेरिकेत, टीव्हीमुळे. झेनिथ कंपनीने १९५० साली काढलेला ‘लेझी बोन्स’ तारेचा होता आणि घरातली माणसे त्या तारेत पाय अडकून धडपडत. पुढे १९५५ साली युजीन पॉली या अभियंत्याने ‘फ्लॅशमॅटिक’ काढला. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे चार डोळे होते, त्यांवर विजेरीचा झोत मारायचा. तार गेली, पण खिडकीतून ऊन आले की टीव्ही आपणहून वागू लागे, कारण सूर्याचा प्रकाश कोणता आणि मालकाचा कोणता, हे त्या डोळ्यांना कळत नव्हते.

मग रेडिओलहरी का वापरल्या नाहीत? झेनिथमध्ये तो विचार झाला होता. रेडिओलहरी भिंतीपलीकडे जातात, त्यामुळे एका घरातल्या बटणाने शेजारच्या घरातला टीव्ही बदलला असता. कंपनीच्या विक्रेत्यांना बॅटरीही नको होती. ती संपली की गिऱ्हाईक टीव्हीच बिघडला असे समजेल, अशी त्यांची भीती. या दोन्ही अडचणींवर व्हिएन्नात जन्मलेल्या रॉबर्ट ॲडलरने जे उत्तर काढले, ते आठवले की आजही मला त्याला हात जोडावेसे वाटतात. त्याने ॲल्युमिनियमच्या चार छोट्या कांड्या घेतल्या. बटण दाबले की हातोडीसारखा छोटा तुकडा कांडीवर बसायचा आणि माणसाच्या कानाला न ऐकू येणारा नाद निघायचा. प्रत्येक कांडीची लांबी थोडी वेगळी, म्हणून नादही वेगळा. बॅटरीचे काम नाही, आणि हा नाद भिंतीपलीकडे जात नाही. शेजाऱ्याचा प्रश्न ॲडलरने भिंतीवरच सोपवला. हा ‘स्पेस कमांड’ १९५६ साली बाजारात आला. तो नाद ऐकण्यासाठी टीव्हीत सहा जादा व्हॅक्यूम ट्यूब बसवाव्या लागल्या आणि किंमत बरीच चढली, तरी या नादावर चालणारे रिमोट पंचवीसेक वर्षे टिकले. त्यांचा दोष एकच. खोलीत किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला किंवा नाणी वाजली, तरी कधीकधी चॅनेल बदले.

इन्फ्रारेड रिमोटने उन्हाची आणि किल्ल्यांची, दोन्ही चुका सुधारल्या. त्यातला दिवा साधारण ३८ किलोहर्ट्झच्या ठेक्यावर लुकलुकतो. उन्हाला किंवा दिव्याच्या बल्बला तो ठेका नसतो, म्हणून टीव्ही त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो. शिवाय एनईसी नावाच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक हुकूम दोनदा जातो, एकदा सरळ आणि लगेच उलटा करून. दोन्हींचा मेळ बसला नाही तर यंत्र तो हुकूम सोडून देते. एका विद्यार्थ्याबरोबर प्रयोगशाळेतल्या ऑसिलोस्कोपवर मी हे स्पंद पाहिले होते. संदेशापाठोपाठ येणारी त्याची उलटी प्रतिमा पाहून तो मुलगा कितीतरी वेळ पडद्यावरून नजर हलवत नव्हता.

तरीही, हा हुकूम टीव्हीसाठीच आहे एवढेच यात सिद्ध होते. पाठवणारा कोण, हे नाही. ॲपलने २००५ साली आयमॅकबरोबर छोटा इन्फ्रारेड रिमोट दिला आणि लवकरच मॅकबुकांतही त्याचा प्रकाश ओळखणारा डोळा आला. एका खोलीत असे चार संगणक असले आणि ते आपापल्या रिमोटशी मुद्दाम जोडून ठेवलेले नसले, तर एकाच रिमोटला चौघेही साद देत.

दरम्यान खिशातल्या यंत्राने संगणक चालवण्याची कल्पना पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात आकार घेत होती. ब्रॅड मायर्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९७च्या सुमारास ‘पेबल्स’ हा प्रकल्प सुरू केला. बैठकीत प्रत्येकाच्या हातात एक पामपायलट, तो समोरच्या एकाच संगणकाला तारेने जोडलेला, आणि प्रत्येकाला माउस व कळफलक चालवण्याची मुभा. त्यांच्या ‘स्लाइडशो कमांडर’मध्ये वक्त्याला स्लाइडचे छोटे चित्र आणि टिपणे हातातच दिसत. स्मार्टफोन सर्रास होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तिथे ओळखीचा प्रश्न नव्हता, कारण हुकूम तारेतून येत होता.

तार सुटली ती ब्लूटूथने. योनास सालिंग या स्वीडिश प्रोग्रामरने सोनी एरिक्सनच्या साध्या बटणांच्या फोनवरून मॅक चालवणारा ‘क्लिकर’ लिहिला. फोन घेऊन माणूस खोलीबाहेर गेला की संगणकावरचे गाणे थांबवण्याची सोयही त्यात होती. म्हणजे हुकूमच नव्हे, तर मालकाची हजेरीही यंत्राला कळू लागली. सुरुवातीला ब्लूटूथची जोडणी चार आकड्यांवर चाले आणि बहुतेक ठिकाणी ते आकडे ०००० किंवा १२३४ असत. २००७च्या सुधारित आवृत्तीपासून दोन्ही पडद्यांवर सहा आकडे उमटतात आणि ते सारखे आहेत का हे माणसाने पाहायचे. इतक्या वर्षांच्या खटपटीतला हा टप्पा मी सर्वांत मोलाचा मानतो.

भारतात याला वाव मिळाला तो सरकारच्या एका निर्णयाने. वाय-फाय आणि ब्लूटूथ ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, तो पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी जानेवारी २००५मध्ये परवानामुक्त झाला. पुढचे सगळे झपाट्याने घडले. ॲपलचे ॲप स्टोअर जुलै २००८मध्ये उघडले, तेव्हा त्यात संगणकावरचे आयट्यून्स फोनवरून चालवणारे ‘रिमोट’ हे ॲप होतेच, आणि तेही आधी चार आकडे जुळवून घेई. लिबरऑफिसच्या स्लाइड फोनवरून बदलणारा रिमोट २०१२ साली आणि फोन व संगणक जोडणारे केडीई कनेक्ट २०१३ साली गूगलच्या उन्हाळी उपक्रमातल्या तरुणांनी लिहिले. दोन्ही फुकट, दोन्हींचा कोड सर्वांना खुला. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, फोन स्वतःच ब्लूटूथ कळफलक किंवा माउस असल्याप्रमाणे जोडता येतो, लॅपटॉपवर वेगळे काही बसवावे लागत नाही.

पण २०१६ साली बॅस्टिल या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले की ब्लूटूथऐवजी स्वतःची रेडिओपद्धत वापरणाऱ्या अनेक बिनतारी माउसांच्या यूएसबी तुकड्यांना परका माणूस लांबून खोटे हुकूम देऊ शकतो. फोनवरच्या काही वाय-फाय रिमोटांतही अशाच त्रुटी सापडल्या आहेत. टीव्हीचा चॅनेल चुकून बदलला तर फारसे बिघडत नव्हते. लॅपटॉपवर मुलांचे निकाल असतात, बँकेचा व्यवहार असतो.

म्हणून भाचीला जे सांगितले, तेच सर्व शिक्षकांना आणि वक्त्यांना सांगतो. शक्यतो ब्लूटूथने जोडा आणि दोन्ही पडद्यांवरचे सहा आकडे ताडून पाहिल्याशिवाय ‘होय’ दाबू नका. वाय-फायचे ॲप वापरायचे असेल तर ज्यात जोडणीची परवानगी विचारली जाते आणि संदेश सांकेतिक होऊन जातो असेच निवडा, केडीई कनेक्टमध्ये या दोन्ही गोष्टी आहेत. हॉटेलच्या किंवा सभागृहाच्या उघड्या वाय-फायवर ते चालवू नका, आपल्या फोनचा हॉटस्पॉट लावा आणि त्याला पासवर्ड ठेवा. आणि तास संपला की लॅपटॉपवरचे रिमोटचे सॉफ्टवेअर आठवणीने बंद करा.