रत्नागिरीचे जांवई आणि नभोवाणी

नभोवाणीच्या निर्मात्यानें दुसऱ्यास बोलतें करावें आणि आपण पडद्याआड राहावें, अशी रीत आहे. १९४६ पासून रत्नागिरीच्या ठाकुरांचे जांवई असलेले पु. ल. देशपांडे १९५५ सालीं आकाशवाणींत गेले, ते याच कामास. १९५९ सालीं दिल्लीस दूरदर्शन निघालें. तेथें पंडित नेहरूंची मुलाखत घेण्यास मात्र ते स्वतःच पुढें आले. कालांतरानें नोकरी सुटली, आवाज राहिला. त्या आवाजांत त्यांनीं उभा केलेला अंतू बर्वा आम्हां रत्नागिरीकरांस हसवितो, आणि त्याच्या तिरकस बोलण्याआडचें एकाकीपण ध्यानीं येतांच आम्ही ओशाळतों. शेजारच्या अशा म्हाताऱ्यांचें बोलणें आम्हीं रोज ऐकलें, पण मनावर घेतलें नाहीं. त्यांनीं घेतलें. बोलणारे पुष्कळ; ऐकून बोलणारा विरळा.