जोत्यावरून राजवाडा कसा वाचायचा? रायगडचा बालेकिल्ला आणि इस्तंबूलचा तोपकापी

डोंगरमाथ्यावरचा राजवाडा म्हटलं की स्थापत्यइतिहासाच्या पुस्तकांत ऑटोमन उदाहरणं हमखास येतात. इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा, किंवा तुर्कस्तानच्या पूर्व टोकाला, आरारात पर्वताच्या प्रदेशातला इसहाक पाशाचा राजवाडा. दुसऱ्याचं काम 1685 मध्ये सुरू झालं आणि 1784 पर्यंत चाललं. दोन्ही दगडी, दोन्ही उभे, दोन्हींचे नकाशे छापलेले. आपल्याकडे मात्र याच विषयावर पीएचडीचा टॉपिक घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो: राजवाडा आहे कुठे? रायगडावर तर नुसते चौथरे आहेत.

नुसते चौथरे! हा शब्द ऐकला की मला आमचा पेठ तालुका आठवतो. इकडे कुडाचं घर मोडलं की कारवी, वासे, कौलं सगळं उचलून दुसरीकडे नेतात किंवा ते पावसात कुजतं. मागे उरतं फक्त जोतं. पण गावातला म्हातारा माणूस त्या जोत्यावर उभा राहून सांगतो की इथे चूल, इथे गोठा, इथून पाणी बाहेर जायचं. त्याला हे कसं कळतं? उंचवटा, उतार, उंबऱ्याची जागा आणि मोरीचा दगड बघून. रायगड वाचायची पद्धत यापेक्षा फार वेगळी नाही. फक्त तिथे जोतं काळ्या घडीव दगडाचं आहे आणि त्यावरचं घर राजाचं होतं.

आधी काळ नीट लावून घेऊ, कारण घोळ इथेच होतो. 1656 मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून रायरी शिवाजी महाराजांकडे आली. पुढे ती राजधानी झाली आणि 6 जून 1674 ला तिथे राज्याभिषेक झाला. 1689 मध्ये गड मोगलांकडे गेला, मग जंजिऱ्याच्या सिद्दीकडे. 1733 मध्ये तो परत मराठ्यांकडे आला, नंतर पेशव्यांकडे. मे 1818 मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, वाड्यांना आग लागली आणि 10 मेला गड इंग्रजांच्या हाती गेला. त्या वेळी दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई गडावर होती. म्हणजे राज्याभिषेकापासून आगीपर्यंत जवळजवळ दीडशे वर्षं या वास्तू वापरात किंवा निदान ताब्यात होत्या. आपण समोर बघतो तो चौथरा 1674 चाच, हे गृहीत धरता येत नाही. प्रत्येक भिंतीला विचारावं लागतं, तू कुणाची?

मग पक्कं काय आहे? एक म्हणजे जगदीश्वराच्या देवळातला शिलालेख. तो शके 1596 चा, म्हणजे राज्याभिषेकाच्याच वर्षाचा. त्यात गडावर काय काय बांधलं त्याची यादीच आहे: विहिरी, तळी, बागा, रस्ते, स्तंभ, हत्तीशाळा आणि उंच राजवाडे. बांधणाऱ्याचं नाव हिरोजी. देवळाच्या पायरीवर त्याचंच नाव पुन्हा कोरलेलं आहे, सेवेला तत्पर असं म्हणून. (आडनाव इंदलकर वाचायचं की इटळकर, यावर वाद आहे. अशा वादात पडायच्या आधी ठसा स्वतः डोळ्यांनी बघून या, नुसतं दुसऱ्याचं वाचन उचलू नका.) संशोधनाच्या दृष्टीने हा शिलालेख सोन्यासारखा आहे, कारण तो बांधकामाच्या काळातला आहे. पण त्यात कोणती इमारत कुठे, हे एका शब्दानेही येत नाही. ‘राजवाडे’ आहेत, त्यांचा नकाशा नाही.

दुसरा पुरावा म्हणजे हेन्री ऑक्झेंडेन. मुंबईच्या इंग्रजांचा हा वकील 1674 च्या मे महिन्यात आला, पाचाडला थांबला, मग गडावर चढला आणि राज्याभिषेकाला हजर राहिला. बरोबर दुभाषा नारायण शेणवी होता. त्याने काय पाहिलं ते नीट वाचा. दरबारात तो गेला, लांबूनच मुजरा केला, नारायण शेणव्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी वर धरली, राजाची नजर गेली आणि त्याला सिंहासनाच्या पायाशी बोलावलं. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना भाल्यांच्या टोकांवर चिन्हं होती. उजवीकडे मोठ्या दातांच्या माशांची सोन्याची मुंडकी, डावीकडे घोड्यांची शेपटं आणि एका भाल्यावर सोन्याचा तराजू. बाहेर येताना दरवाजाशी दोन लहान हत्ती आणि दोन घोडे दिसले, तेव्हा इतक्या अवघड वाटेने ही जनावरं वर आणली कशी, असं त्याला नवल वाटलं.

आता हा प्रसंग जमिनीवर ठेवून बघा. राजसभेचं आवार साधारण 220 फूट लांब आणि 124 फूट रुंद. सिंहासनाची जागा पूर्वाभिमुख, आणि बरोबर समोर नगारखाना. म्हणजे नगारखान्याच्या कमानीतून आत पाऊल टाकलं की पहिली नजर राजावर जाते. मध्ये पडदा नाही, वळण नाही. ऑक्झेंडेनने लांबूनच मुजरा केला आणि राजाला अंगठी लांबूनच दिसली, हे या रचनेत अगदी चपखल बसतं. कागद आणि दगड एकमेकांची साक्ष देतात ते असं.

तोपकापी याच्या अगदी उलट आहे, आणि तुलना कामाला येते ती इथे. दुसऱ्या मेहमेदने 1453 मध्ये शहर जिंकल्यावर 1459 च्या सुमारास जुन्या बायझँटियमच्या टेकडीवर हा राजवाडा सुरू केला. बाहेरच्या महाद्वारावरचा लेख 1478 चा आहे. आत एकामागून एक चार चौक. पहिल्यात कुणालाही जाता येई. दुसऱ्यात दिवाण भरायचं, पण सुलतान तिथे बसत नसे. तो वरच्या जाळीच्या खिडकीमागून ऐके, म्हणजे आहे की नाही हेही खालच्यांना कळायचं नाही. परदेशी वकिलाला तिसऱ्या दरवाजाच्या आतल्या एका लहान दालनात नेत, दोन्ही बाजूंनी दंड धरून. गुलरू नेजिपोग्लू यांच्या 1991 च्या पुस्तकाचा मुद्दाच हा आहे की इथे सत्ता दिसण्यातून नाही, न दिसण्यातून उभी केली आहे. रायगडावर राजा दिसावा म्हणून बांधलं आणि तोपकापीत दिसू नये म्हणून. दोन्ही टेकडीवर, दोन्हीत चौक, दरवाजे, अंतःपुर. नुसती यादी केली तर सारखेच वाटतील. यादीने तुलना होत नाही, माणूस कुठून कुठे चालत गेला आणि त्याला काय दिसलं, याने होते.

आता ती घोड्यांची शेपटं. ऑटोमन पाशांचा दर्जा त्यांच्या निशाणावरच्या घोड्याच्या शेपटांवरून ठरत असे, हे एकदा वाचलं की ऑक्झेंडेनची ओळ वाचताना हात शिवशिवतो: महाराजांच्या दरबारात ऑटोमन प्रभाव! थांबा. शेपटांची निशाणं मध्य आशियातून आली, मोगलांकडेही होती. माशाचं चिन्ह तर मोगलांच्या माही-मरातिबमधलं सरळ ओळखीचं आहे. रूमचे लोक दख्खनला अनोळखी नव्हते, हे खरं. विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ 1549 मध्ये अहमदनगरला ओतली ती एका रूमी उस्तादानेच. पण रूमी तोफखानदार आला म्हणजे रूमी राजचिन्ह आलं, असं होत नाही. जवळचा स्रोत हाताशी असताना लांबचा शोधू नये. दख्खनी आणि मोगली दरबाराची भाषा महाराजांनी उचलली आणि तिच्यात न्यायाचा तराजू ठेवला. माझ्या मते एवढं म्हणणं पुराव्याला धरून आहे, त्यापुढचं नाही.

खासगी बाजू पश्चिमेला. गंगासागराकडून पालखी दरवाजाने वर चढलं की एक सरळ वाट मेणा दरवाजापर्यंत जाते. उजव्या हाताला ओळीने मोठ्या वास्तूंची जोती, त्यांना आपण राणीवसा म्हणतो. डावीकडे लहान खोल्या, त्यांना दासदासींची घरं म्हणतात. त्यांच्या मागच्या भिंतीतल्या दरवाजाने आत गेलं की राजभवनाचा चौथरा, साधारण 86 फूट लांब, 33 फूट रुंद. आता गंमत बघा. मोठी जोती कुणी सहा मोजतं, कुणी सात, आणि लगेच ‘एका राणीला एक महाल’ असा हिशेब होतो. पण सईबाई 1659 मध्येच गेल्या, काशीबाई राज्याभिषेकाच्या तीनएक महिने आधी गेल्या. संख्या जुळवायचा मोह आवरा. शिवाय 1689 नंतर त्या खोल्यांत कोण राहत होतं, त्यांनी काय बदललं?

इथे नावापेक्षा मोऱ्या जास्त बोलतात. या मोठ्या वास्तूंना जोडून शौचकूप आहेत, सांडपाण्याला वाट आहे. म्हणजे आतल्या माणसाने बाहेर न पडता राहावं अशी सोय. लहान खोल्यांची मांडणी वेगळी. बायकांचं राहणं, पडदा, मोलकरणींची ये-जा, पाणी कोण भरायचं, हे सगळं या जोत्यांवर उतारासकट लिहिलेलं आहे. राज्याभिषेकावर हजार पानं निघाली, पण गंगासागरातून हंडे कोणत्या पायऱ्यांनी वर जायचे, यावर एक बरा नकाशा निघाला तरी मी खूश होईन. तोपकापीच्या स्वयंपाकघरांवर आणि हरमवर स्वतंत्र अभ्यास होऊ शकला, कारण 1856 मध्ये दरबार दोल्माबाहचेला हलल्यावरही इमारती उभ्या राहिल्या आणि 1924 मध्ये तिथे संग्रहालय झालं. शिवाय हिशेबाच्या वह्या शिल्लक राहिल्या. आपल्याकडे लाकूड जळालं. कागदही विखुरले.

नगारखान्यासमोर होळीचा माळ आणि पलीकडे ‘बाजारपेठ’ म्हणतात ती दुहेरी रांग. घोड्यावर बसून खरेदी करता यावी म्हणून जोती उंच, असं तिथे सांगतात. आमच्या गावाचं नावच पेठ, त्यामुळे या शब्दावर माझा जीव. पण राजसभेसमोरच, इतक्या आखीव ओळीत, पुढे ओटा आणि मागे खोल्या असलेल्या या वास्तू दुकानंच होती का, की अधिकारी आणि पाहुण्यांची घरं, कचेऱ्या? जोत्याची उंची पावसासाठीही असू शकते. सह्याद्रीत चार महिने पाणी कसं वाहतं, ते पेठकराला सांगायला नको. निकाल लागेल तो मातीतून. पुरातत्त्व खात्याच्या अलीकडच्या उत्खननात 2021 मध्ये गडावर सोन्याची बांगडी मिळाली, त्याची बातमी सगळीकडे झाली. मला मात्र खिळे आणि फुटकी कौलं जास्त महत्त्वाची वाटतात. कौलं कुठल्या थरात पडली आणि त्यांच्यावर जळाल्याची राख आहे का, यावरून 1818 ची आग कोणत्या छपरापर्यंत पोचली ते सांगता येईल. त्या थराच्या खाली काही असलं, तर ते आगीच्या आधीचं.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले. त्यात रायगड आहे, आपल्या नाशिक जिल्ह्यातला साल्हेरही आहे. आता माहितीफलक वाढतील, प्रत्येक चौथऱ्याला एकच ठाम नाव मिळेल. सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांनी म्हणून एक काम आत्ताच करून ठेवा. गडावर जाताना वही न्या आणि प्रत्येक जोत्यापुढे तीन रकाने आखा: आज काय म्हणतात, ते नाव कोणत्या सालच्या लिखाणात पहिल्यांदा सापडतं, आणि दगडावर प्रत्यक्ष काय दिसतं. मधला रकाना बराच काळ रिकामा राहील. तो भरायला पुण्याचं पेशवे दफ्तर आणि मुंबईचं पुराभिलेखागार, दोन्हीकडे जावं लागेल. त्यासाठी मोडी आली पाहिजे. पेठहून पहाटेची एसटी धरली तर नाशिकला पुढची गाडी मिळते.