सोनगीर
सोनगीर हे महाराष्ट्र राज्यातील धुळे जिल्ह्याच्या धुळे तालुक्यातील एक मोठे गाव आहे. मुंबई-आग्रा महामार्गावर, धुळे शहराच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटर अंतरावर ते वसले आहे. गावालगतच्या टेकडीवरील किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी यांसाठी सोनगीर खानदेशात प्रसिद्ध आहे. बोलीव्यवहार प्रामुख्याने अहिराणीत चालतो.

भूगोल
सोनगीर साधारणपणे २१°०५′ उत्तर अक्षांश व ७४°४७′ पूर्व रेखांशावर आहे. धुळे शहरातून वाहणारी पांझरा नदी पुढे उत्तरेकडे वळते व गावाच्या पूर्वेकडून जाऊन मुडावद येथे तापीस मिळते. हा प्रदेश दख्खनच्या काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. त्यातून भिंतीसारख्या उभ्या खडकांच्या लांबच लांब रांगा गेलेल्या दिसतात. भूशास्त्रात त्यांना ‘भित्ती’ म्हणतात. सखल भागात कापसाची काळी जमीन, तर टेकड्यांच्या उतारांवर हलकी मुरमाड जमीन आढळते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेमुळे पाऊस कमी व अनिश्चित असतो, आणि उन्हाळा अतिशय कडक असतो. बसाल्टमध्ये पाणी फारसे मुरत नसल्याने विहिरी लवकर आटतात. पाणीटंचाई हा या परिसराचा जुना प्रश्न आहे.

इतिहास
इ.स. १३७० मध्ये मलिक राजा फारुकी याला दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक याच्याकडून थाळनेरचा मुलूख मिळाला. लळिंग, सोनगीर आणि थाळनेर हे किल्ले दक्षिणेकडून तापीकाठी जाणाऱ्या वाटेवर असल्याने फारुकी राजवटीत त्यांना महत्त्व होते. १६०१ मध्ये अकबराने असीरगड जिंकल्यावर खानदेश मोगलांकडे गेला. पुढे सोनगीर निजामाकडून पेशव्यांकडे आले व त्यांनी ते विंचूरकरांना दिले. १८१८ मध्ये ते इंग्रजांच्या ताब्यात गेले. किल्ल्यावर आज तटबंदी व विहिरीचे अवशेष आहेत.

प्रशासन
१९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेव्हा सोनगीर पश्चिम खानदेशात आले. हाच पुढे धुळे जिल्हा झाला. १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला. गावाचा कारभार ग्रामपंचायत पाहते. तिच्यावर धुळे पंचायत समिती व धुळे जिल्हा परिषद अशी त्रिस्तरीय रचना आहे. राज्यात ही रचना १ मे १९६२ पासून अमलात आली. गावात पोलीस ठाणे आहे. सोनगीर धुळे लोकसभा मतदारसंघात मोडते.

अर्थव्यवस्था
शेती हा मुख्य व्यवसाय असून ती बहुतांशी पावसावर अवलंबून आहे. कापूस, बाजरी, ज्वारी व मका ही प्रमुख पिके होत. जेथे विहिरीला पाणी आहे तेथे कांदा व भाजीपालाही घेतात.

तांबट कारागिरांचा भांडीव्यवसाय ही गावाची जुनी ओळख आहे. पत्रा कापून, त्याचे सांधे झाळून आणि हातोडीने ठोके देऊन हंडे, कळश्या, घागरी, पातेली अशी भांडी घडवली जातात. या ठोक्यांच्या कामाला मठारकाम म्हणतात. ठोक्यांमुळे धातू कठीण होतो व भांडे टिकाऊ बनते. ब्रिटिशकालीन नोंदींत या भांड्यांबरोबर येथील जाडेभरडे सुती कापड व घोंगड्यांचाही उल्लेख आढळतो. ॲल्युमिनियम, स्टेनलेस स्टील व प्लास्टिक घरोघरी आल्यावर पितळी भांड्यांचा रोजचा वापर कमी झाला. त्यांची मागणी मुख्यतः लग्नकार्य व पूजाविधी यांपुरती उरली.

महामार्गावरील स्थान व येथून दोंडाईचाकडे फुटणारा रस्ता यांमुळे वाहतूक, उपाहारगृहे व किरकोळ व्यापार यांतूनही रोजगार मिळतो. उत्तरेकडील नरडाणा येथे औद्योगिक वसाहत आहे.

सिंचन प्रकल्प
सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा सिंचन योजनेतील जामफळ जलाशय सोनगीरजवळ आहे. पावसाळ्यात तापीचे पुराचे पाणी सुलवाडे बंधाऱ्यातून उचलून येथे साठवायचे, अशी ही योजना आहे. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी तिची पायाभरणी झाली. धुळे व शिंदखेडा तालुक्यांतील सुमारे १०० गावांना लाभ मिळावा, हे तिचे उद्दिष्ट आहे. जलाशयाच्या विस्तारासाठी परिसरातील शेतजमिनी संपादित कराव्या लागत असल्याने मोबदल्याचा प्रश्नही या योजनेशी निगडित आहे.